घर चकचकीत, रोज रात्री कॉइल लावतो, तरी बाबांना डेंग्यू कसा झाला?

घर चकचकीत असण्याचा इथे काही उपयोग नाही. मुठा नदीतल्या जलपर्णीत वाढून रात्री कानाशी गुणगुणतो तो क्युलेक्स डास. डेंग्यूचा एडिस नितळ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि दिवसाउजेडी चावतो. तुमची कॉइल जळते तेव्हा त्याची ड्युटी संपलेली असते.

कोथरूडला आमच्या सोसायटीत एका पावसाळ्यात आठवड्यात तीन पेशंट झाले, त्यात माझी मुलगी. सेक्रेटरी मीच. शेजारच्या बांधकामाच्या नावाने भरपूर खडे फोडले, धूरही मारून घेतला. धुराने उडते डास मरतात, पाण्यातल्या अळ्या मजेत असतात. मग महापालिकेचे लोक बॅटरी घेऊन घरोघर फिरले आणि अळ्या सापडल्या त्या सेक्रेटरींच्याच हॉलमध्ये, मनी प्लांटच्या बाटलीत! दुसऱ्या एका घरात फ्रिजमागच्या ट्रेमध्ये.

हा डास सहसा शे-दोनशे मीटरपलीकडे जात नाही, म्हणजे शोध आपल्याच इमारतीत घ्यायचा. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक दिवस सगळी भांडी कोरडी करायची. (सोसायटीच्या ग्रुपवर 'उद्या ड्राय डे' टाकलं तर भलतेच फोन आले.) नुसतं पाणी ओतून भागत नाही. अंडी पाण्याच्या रेषेवर भांड्याला चिकटलेली असतात, कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने टिकतात. काथ्याने घासूनच काढावी लागतात.

बाबांचं म्हणाल तर तापाला फक्त पॅरासिटामॉल, तेही डॉक्टर सांगतील तेवढंच. आयब्युप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन नको. ताप उतरला की आपण सुटकेचा निःश्वास टाकतो, पण खरं जपायचं ते पुढचे दोन दिवस. पोटात जोरात दुखणं, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त, यातलं काहीही दिसलं तर प्लेटलेटच्या रिपोर्टची वाट न पाहता दवाखाना गाठा. पपईच्या पानांचा रस घेऊन शेजारी येतीलच. आभार माना आणि बाबांना पाणी, ओआरएस पाजत राहा.

आणि हो, तुमच्या वर-खाली एखादा बंद फ्लॅट आहे का? मालक सहा महिने मुलाकडे अमेरिकेत, आणि इकडे कमोडमध्ये पाणी तसंच. आमच्याकडे असे चार निघाले. किल्ली कोणाकडे आहे ते आजच विचारा.