ताळा केल्याशिवाय पान उलटू नकोस

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. इंदूरच्या सुपर कॉरिडॉरवरच्या सॉफ्टवेअर कंपनीचं नेमणूकपत्र, भंवरकुआंच्या क्लासमधली संध्याकाळची बॅच आणि नेटचा, म्हणजे प्राध्यापकी आणि संशोधनासाठीच्या पात्रता परीक्षेचा अर्ज, तिन्ही समोर मांडून तू विचारतेस की यातलं तुझं कोणतं. तुला गणित येतं, कष्टांना तू भीत नाहीस, घरचे पाठीशी आहेत. ते सगळं धरूनच पुढचं लिहिते.

मला एकच वाक्य खटकलं: ‘एक धरलं की बाकीची दोन सुटतील.’ का सुटतील? फळ्यापुढे उभी राहिलीस, वहीत सिद्धता लिहिलीस किंवा संगणकापुढे बसलीस, तरी तुला रोज एकच काम करायचं आहे. आलेलं उत्तर खरं आहे का, याचा ताळा. चौथीत वजाबाकीखाली करायचीस तोच. तो सुटला तर मात्र तिन्ही सुटतात.

देवळालीच्या शाळेत गणित शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांचा ६१७४ तुला माहीत आहे. चार अंकी संख्या घ्यायची, सगळे अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावायचे, त्यातून चढत्या क्रमाने लावलेली संख्या वजा करायची, आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच. जास्तीत जास्त सात फेऱ्यांत ६१७४ येतो. या रविवारी त्याचा प्रोग्राम लिही, वीस ओळींत बसेल. मग त्याला १००० दे. १००० वजा ०००१ म्हणजे ९९९. प्रोग्रामने ही संख्या तीन अंकी धरली तर पुढची वजाबाकी ९९९ वजा ९९९, उत्तर शून्य, आणि कापरेकर चुकले असं तुला वाटेल. पुढे शून्य भरून ०९९९ धरलंस तर ९९९० वजा ०९९९ म्हणजे ८९९१, मग ८०८२, ८५३२ आणि ६१७४. चूक एका शून्याची. पण ती दिसायला एक तरी संख्या आधी कागदावर हाताने केलेली असावी लागते. म्हणून म्हणते, ताळा कर.

तेवढ्यावर थांबू नकोस. सगळे अंक सारखे असलेल्या सोडून ०००० ते ९९९९ सगळ्या संख्या चालवून झाल्या की विधान खरं ठरतं, पण असं का होतं ते कळत नाही. अंकांना उतरत्या क्रमाने अ, ब, क, ड म्हण. वजाबाकी सोडवलीस की उरतं ९९९(अ − ड) + ९०(ब − क). म्हणजे पहिल्या फेरीचं उत्तर फक्त या दोन फरकांवर ठरतं. पहिला फरक १ ते ९, दुसरा शून्यापासून फार तर पहिल्याएवढा. मोज, ५४ जोड्या होतात. दहा हजार संख्यांचं काम वहीच्या दोन पानांत आलं. आता सिद्धतेचा ताळा प्रोग्रामने घे आणि प्रोग्रामचा सिद्धतेने. मग हेच नववीच्या मुलांपुढे फळ्यावर मांड. तीन अंकी संख्यांचं काय होतं, असं कोणीतरी विचारेलच, आणि तिथून तुझं पुढचं काम सुरू होईल. कापरेकरांकडे पदव्युत्तर पदवी नव्हती, विद्यापीठातली जागा नव्हती. शाळेतली नोकरी सांभाळून त्यांनी हे केलं. त्यांनी तिन्हींपैकी काय निवडलं होतं, ते तू मला सांग.

क्लासमध्ये शिकवणार असशील तर एक ऐक. √(क्ष + २) = क्ष, हे समीकरण दे. दोन्ही बाजूंचा वर्ग केला की मुलं २ आणि −१ अशी दोन उत्तरं काढतात. −१ मूळ समीकरणात ठेव: डावीकडे १, उजवीकडे −१. वर्ग करताना चिन्ह पुसलं जातं, म्हणून हे खोटं मूळ आत शिरतं. क्ष² = क्ष ला क्ष ने भागणारा मुलगा उलट शून्य हे खरं मूळ गमावतो. हे ‘ट्रिक’ म्हणून सांगू नकोस, कारण सांग. तासाची शेवटची दहा मिनिटं उत्तरं परत समीकरणात घालायला राखून ठेव. पोर्शन मागे पडतो म्हणून कुरकुर होईल. होऊ दे.

सॉफ्टवेअरमध्ये तर याची गरज जास्त, कारण तिथे चुकीचं उत्तर नीटनेटकं छापून येतं. क्ष² − १०,००,००,००० क्ष + १ = ० सोडव. मुळं जवळजवळ दहा कोटी आणि एक भागिले दहा कोटी. वर्गसमीकरणाचं नेहमीचं सूत्र डबल प्रिसिजनमध्ये, म्हणजे संगणक दशांश संख्या सहसा साठवतो त्या प्रकारात, जसंच्या तसं लिहिलंस तर लहान मूळ ०.०००००००१ च्या जागी ०.००००००००७४५ येईल, म्हणजे २५ टक्के चूक. सूत्र बरोबर, यंत्रही बिघडलेलं नाही. डबलमध्ये साधारण सोळा अंक मावतात, आणि जवळजवळ सारख्या दोन संख्या वजा केल्या की त्यातले खात्रीचे अंक कटून जातात, राहतो तो गाळ. उपाय सोपा आहे: मोठं मूळ आधी काढ, मग मुळांचा गुणाकार १ आहे हे वापरून लहान मूळ भागाकाराने काढ. हा गुणाकार आपण दहावीत शिकवतो. तोच ताळा आणि तोच उपाय.

बायनरी सर्चचंही तसंच, म्हणजे क्रमाने लावलेल्या यादीत दर वेळी मधोमध बघून अर्धी यादी सोडत शोधायचं. मधली जागा काढायला दोन टोकांची बेरीज करून दोनाने भागायचं, याची सिद्धता कोणीही देईल. पण ३२ बिटांच्या पूर्णांकाची मर्यादा २,१४,७४,८३,६४७. बेरीज त्यापलीकडे गेली की ती ऋण होते. जावा या प्रोग्रामिंग भाषेच्या स्वतःच्या लायब्ररीत ही चूक अनेक वर्षं राहिली आणि २००६ मध्ये चर्चेत आली. डाव्या टोकात फरकाचा अर्धा भाग मिळवला की प्रश्न मिटतो. म्हणून कंपनीत पहिल्या दिवसापासून प्रत्येक फंक्शनबरोबर चार टेस्ट लिही: हाताने काढलेलं एक उत्तर, एक रिकामा इनपुट, एक अगदी टोकाचा आणि एक असा की ज्यावर फंक्शनने नकार द्यायलाच हवा. कोणी मागितल्या नाहीत तरी लिही.

नेटबद्दल थोडक्यात. गणिताच्या पेपरात अ भागातले १५, ब मधले २५ आणि क मधले २० प्रश्न सोडवायचे. गुण ३०, ७५ आणि ९५. क भागात चुकीला वजावट नाही, पण एकाहून जास्त पर्याय बरोबर असू शकतात आणि सगळे अचूक ओळखले तरच ४.७५ गुण मिळतात. तिथे पाठांतर चालत नाही, उदाहरणांचा साठा चालतो. वहीची शेवटची पानं त्यासाठी ठेव. मॅट्रिक्ससाठी शून्य, एकक, उजव्या वरच्या कोपऱ्यातच १ असलेली २×२, नव्वद अंशांचं भ्रमण. फलांसाठी ० ते १ वर क्ष चा न वा घात, जो बिंदुशः अभिसारी आहे पण एकसमान नाही, म्हणजे न वाढला की प्रत्येक बिंदूवर एका किमतीकडे जातो, पण सगळीकडे सारख्या वेगाने नाही. प्रत्येक विधान आधी या साठ्यावर आपटून बघ, मग सिद्धतेच्या मागे लाग. आधी लीनियर अल्जिब्रा आणि रिअल अनॅलिसिस पक्के कर, बाकीचं नंतर.

आता निर्णय. घरी पैशाची गरज आहे असं तूच लिहिलंयस, तेव्हा नोकरी घे. क्लासची रोजची बॅच घेऊ नकोस. दिवसभर कोड आणि संध्याकाळी तीन तास फळा यात पहिलं बळी जाईल ते तुझं स्वतःचं गणित. रविवारची एकच बॅच माग. नोकरीवर जायच्या आधी रोज दीड तास गणित, फोन दुसऱ्या खोलीत. पीएच.डी.ची घाई नको. २०२२ च्या यूजीसी नियमांप्रमाणे अर्धवेळ पीएच.डी. करता येते, त्यासाठी कंपनीचं ना-हरकत पत्र लागतं. ते मिळेल का, हे रुजू होतानाच विचारून घे. पण जेआरएफ, म्हणजे नेटमधून मिळणारी संशोधनाची शिष्यवृत्ती, मिळाली आणि मनाजोगता मार्गदर्शक सापडला, मग सिमरोलचं आयआयटी असो की आणखी कुठलं गाव, तर नोकरी सोडायला कचरू नकोस.

लोक म्हणतील, एक ना धड भाराभर चिंध्या. मलाही म्हणत आलेत. पदोन्नतीच्या यादीत शिकवणं, संशोधन आणि कोड तिन्ही धरणाऱ्या माझ्यासारख्यांचं नाव उशिरा येतं, संशोधनाची पानं कमी भरतात, आणि याची खंत मला आहे. ती तुझ्यापासून लपवणार नाही. तरीही कोणी वाट बदलायला सांगितलं तर मी नाहीच म्हणेन. ज्या दिवशी शिकवताना अडलेलं कोड लिहिताना उलगडतं, त्या दिवसाची किंमत त्या यादीत लिहिलेली नसते. तुला हे पटलं नाही तर भांड माझ्याशी, पण मुद्द्यावर भांड.

रविवारी सकाळी रामबागेत ये. ५४ जोड्यांची दोन पानं हाताने लिहिलेली हवीत, प्रोग्राम नंतर पाहू. तीन अंकांसाठी किती शक्यता उरतात आणि शेवटी कोणती संख्या उरते, तेही काढून आण.

तुझी,
मावशी