बाळ झालंय, तर एमटीबी (माउंटन बाइक, म्हणजे डोंगरवाटांवरची सायकल) रेसिंग सोडावं का?

'सोडू नका, कमी करा' असं सगळे सांगतात. मला ते जमलं नाही. क्रॉस-कंट्रीची रेस असते जेमतेम दीड तासाची, पण त्यासाठी आठवड्याला दहा-बारा तास सायकलवर लागतात. वर झोप, खाणं, चेन धुणं, सस्पेन्शनची सर्व्हिसिंग. मुलगी चार महिन्यांची असताना रात्री तीनदा उठून मी पहाटे पुण्याच्या वेताळ टेकडीवर इंटरव्हल (थोडा वेळ जीव तोडून, थोडा वेळ हळू असा सराव) मारायला जायचो. एकदा उतारावर डोळा लागल्यासारखं झालं, पुढचं चाक दगडात अडकलं आणि मी हँडलवरून पुढे. खांदा वाचला. घरी येऊन रक्त धुताना बायको काहीच बोलली नाही, तेच जास्त लागलं.

अर्थात, उलटी उदाहरणंही आहेत. कॅनडाची कॅथरीन पेंड्रेल २०१६ च्या रिओ ऑलिंपिकची कांस्यपदक विजेती. जानेवारी २०२१ मध्ये तिला मुलगी झाली आणि त्याच उन्हाळ्यात ती टोकियो ऑलिंपिकच्या माउंटन बाइक रेसमध्ये उतरली. पण सायकल हाच तिचा पेशा होता, आपल्याला सोमवारी ऑफिस असतं.

मी कार्बनची सायकल विकली, जुनी अ‍ॅल्युमिनियमची ठेवली. स्ट्राव्हा, म्हणजे राइडच्या वेळा नोंदवून इतरांशी तुलना करणारं अ‍ॅप, काढून टाकलं. खरं सांगतो, रेसपेक्षा ते सोडणं अवघड गेलं. पहिले तीन-चार महिने रविवारी सकाळी नुसती चिडचिड. आता महिन्यातून दोनदा टेकडीवर जातो, पोरं सुसाट पुढे जातात, मी थांबून मोर बघतो. परत रेस करायची ठरवलीच तर वयोगट बदललेला असेल, एवढंच.