पहिली नोकरी: मेकॅनिकलच्या एका पदवीधरास पत्र

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतचा रेझ्युमे मिळाला. निकाल लागून पाच महिने झाले, पोर्टलवर शेकड्याने अर्ज केले आणि बहुतेक ठिकाणांहून साधा नकारसुद्धा आला नाही, असे तू लिहितोस. आता मेकॅनिकलचा नाद सोडून सॉफ्टवेअर टेस्टिंगचा एखादा कोर्स करावा आणि आयटीत शिरावे का, असा तुझा प्रश्न आहे. त्या प्रश्नाकडे मी येईनच. परंतु आधी हे सांगतो की तुझी अडचण पात्रतेची कमी आणि पत्त्याची अधिक आहे. ज्या मोठ्या नावांकडे तू अर्ज पाठवत राहिलास, त्यांच्याकडे तुझ्यासारख्या मुलाची भरती सहसा त्या दाराने होत नाही.

मोठ्या वाहन कंपन्यांमधल्या ग्रॅज्युएट इंजिनिअर ट्रेनीच्या, म्हणजे तुम्ही ज्याला जीईटी म्हणता त्या जागा मोजक्या असतात आणि त्यांतल्या बहुसंख्य ठरावीक महाविद्यालयांच्या कॅम्पसमधून, मुले शेवटच्या वर्षात असतानाच भरल्या जातात. लाइनवर उभी असणारी माणसे आयटीआय किंवा डिप्लोमा झालेली, शिकाऊ उमेदवार म्हणून आलेली किंवा ठरावीक मुदतीच्या करारावरची असतात. यांव्यतिरिक्त ज्या जागा निघतात त्यांना दोन-तीन वर्षांचा अनुभव लागतो. कॅम्पस न मिळालेला फ्रेशर या तिन्ही खणांत बसत नाही, आणि म्हणूनच त्याचा अर्ज कोणी उघडूनही पाहत नाही. यात तुझा अपमान नाही. पण वर्षभर त्याच दारावर थाप मारत बसण्यातही अर्थ नाही.

गाडी बनवणारी कंपनी मुख्यतः गाडी जोडते. तिचे बहुसंख्य सुटे भाग व्हेंडरांकडून येतात आणि त्या व्हेंडरांना लागणारे भाग त्यांच्याहून लहान कारखान्यांतून येतात. चाकणला महिंद्र, मर्सिडीज, फोक्सवॅगन, बजाज ही नावे मोठ्या पाट्यांवर दिसतात; परंतु निघोजे, महाळुंगे, खराबवाडी, कुरुळी, तळवडे आणि इकडे भोसरीच्या जे ब्लॉक, एस ब्लॉकमध्ये तीस ते तीनशे माणसांचे जे कारखाने आहेत, तिथे इंजिनिअरची गरज सतत निर्माण होत असते. ग्राहकाच्या ऑडिटमध्ये त्रुटी निघते, नवा पार्ट डेव्हलपमेंटला येतो, किंवा क्वालिटीतला मुलगा मोठ्या कंपनीत निघून जातो, आणि मालक क्वालिटी हेडला सांगतो, "एक चांगला पोरगा बघा." ही जागा पोर्टलवर येण्याआधीच भरलेली असते. तुला त्या वाक्याच्या आसपास असायचे आहे.

त्यासाठी दोन मार्ग चालतात. तुझ्या महाविद्यालयातून दोन-चार वर्षांपूर्वी बाहेर पडलेली जी मुले या पट्ट्यात कामाला आहेत, त्यांची यादी कर आणि प्रत्येकाला फोन करून नोकरी न मागता एवढेच विचार की तुमच्या कारखान्यात काय बनते, कोणत्या विभागात माणूस कमी आहे आणि तिथे काय यावे लागते. नोकरी मागितली की माणूस चटकन "बघतो" म्हणतो आणि विषय संपतो. कामाविषयी विचारले की तो पाऊण तास बोलतो. दुसरा मार्ग प्रत्यक्ष गेटवर जाण्याचा. आजकाल तो जुनाट समजला जातो, पण लहान कारखान्यांत अजून उपयोगी पडतो. गुरुवारी मात्र जाऊ नकोस. पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण भागात बऱ्याच कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, आणि बाहेरगावची मुले हटकून त्याच दिवशी येऊन बंद गेट बघून परततात. महिन्याचे शेवटचे चार-पाच दिवसही टाळ, कारण तेव्हा डिस्पॅचच्या घाईत क्वालिटी हेडला जेवायलाही सवड नसते. सकाळी दहाच्या सुमारास जा, सुरक्षारक्षकाकडे रेझ्युमे ठेवून मागे फिरू नकोस, क्वालिटी किंवा प्रोडक्शनचे साहेब कोण आहेत ते विचार आणि पाच मिनिटांची वेळ माग.

तुझे घर कोल्हापुरात असताना तू सरसकट पुण्याचाच विचार करतोस, हेही मला पटले नाही. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या पट्ट्यात फाउंड्र्या आणि मशीन शॉप आहेत, आणि कास्टिंगमध्ये मेथडिंग, म्हणजे साच्यात धातू कसा ओतायचा याची आखणी, कळणारा, ब्लो-होल (वायूमुळे पडलेले भोक) आणि श्रिंकेज (धातू आकसून पडलेली पोकळी) यांतला फरक तुकडा कापून दाखवू शकणारा पदवीधर सहजासहजी मिळत नाही, कारण मुलांना फाउंड्रीची धूळ नको असते. ज्या कामाला रांग कमी आणि शिकण्यासारखे जास्त, ते काम पहिल्या नोकरीसाठी चांगले, असे माझे मत आहे.

आता रेझ्युमेविषयी. "टीम प्लेअर", "क्विक लर्नर", "हार्डवर्किंग" हे शब्द काढून टाक. ते प्रत्येकाच्या कागदावर असतात आणि कोणी वाचत नाही. तुझा सौरऊर्जेवरचा गवत कापण्याचा प्रकल्प महाविद्यालयाबाहेरच्या दुकानातून तयार आणलेला आहे, हे पहिल्या दोन प्रश्नांत उघड होईल. त्याऐवजी तू स्वतःच्या हाताने केलेली एखादी लहानशी गोष्ट लिही, मग ती मामाच्या वर्कशॉपमध्ये लेथवर बुश टर्न केल्याची का असेना, परंतु तिची मापे, मटेरिअल आणि त्यात आलेली अडचण तुला सांगता आली पाहिजे.

मुलाखतीत काय होते ते एका उदाहरणाने सांगतो, कारण या टेबलाच्या पलीकडच्या बाजूला मी बरीच वर्षे बसलो आहे. उमेदवारासमोर एक ग्राइंड केलेला शाफ्ट आणि त्याचे ड्रॉइंग ठेवायचे. ड्रॉइंगवर व्यास २५ एच७ असा लिहिलेला, एच लहान लिपीतला. विचारायचे, "हे काय आहे आणि हे कशाने मोजशील?" निम्मी मुले टॉलरन्सच, म्हणजे मापात किती फरक चालतो तेच, सांगू शकत नाहीत. उरलेल्यांपैकी बहुतेक हात पुढे करून व्हर्निअर उचलतात. या मापाला वरची मर्यादा शून्य आणि खालची उणे ०.०२१ मिलिमीटर आहे. म्हणजे सगळी मिळून मोकळीक एकवीस मायक्रॉनची. साध्या व्हर्निअरचे लघुत्तम माप ०.०२ मिलिमीटर. जेवढी मोकळीक जवळपास तेवढेच ज्या उपकरणाचे लघुत्तम माप, त्याने शाफ्ट चांगला की वाईट हे ठरणार कसे? उपकरण टॉलरन्सच्या साधारण एक दशांशापर्यंत वाचू शकले पाहिजे, या कामचलाऊ नियमाने इथे एक-दोन मायक्रॉन वाचणारा मायक्रोमीटर किंवा कंपॅरेटर लागतो. एवढे ज्याला बोलता येते, त्याला पुढचा प्रश्न असतो: ग्राहकाने फोन केला की तुमच्या लॉटमध्ये चाळीस पीस व्यास कमी असलेले निघाले, तू पहिली गोष्ट कोणती करशील? पुष्कळजण थेट कारणमीमांसा सुरू करतात, फिशबोन म्हणजे संभाव्य कारणांची आकृती काढतात. त्याआधी स्टोअरमधला, वाटेतला आणि मशीनवरचा संशयित माल वेगळा करून थांबवायचा असतो. कारण नंतर शोधता येते, तोवर आणखी चाळीस पीस जाऊ द्यायचे नसतात. हे उत्तर देणारा मुलगा साठ टक्क्यांचा असला तरी मी त्याला घेतला आहे.

म्हणून येत्या दोन महिन्यांत आणखी एक सर्टिफिकेट जमवण्यापेक्षा ड्रॉइंग वाचणे, फिट्स आणि टॉलरन्स, जीडी अँड टी (ड्रॉइंगवर आकार आणि स्थान यांतला चालणारा फरक दाखवणारी चिन्हे) आणि मापनाची उपकरणे पक्की कर. वाहन उद्योगाच्या व्हेंडरांना आयएटीएफ १६९४९ हे गुणवत्तेचे २०१६ चे मानक लागू असते; त्यातून येणारे कंट्रोल प्लॅन (काय, कधी, कशाने तपासायचे), एफएमईए (कुठे काय बिघडू शकते) आणि पीपीएपी (नव्या पार्टला ग्राहकाची मंजुरी) हे कागद प्रत्यक्षात कसे दिसतात, ते ओळखीच्या एखाद्या सीनिअरकडे बसून पाहून घे. पैसे खर्च करायचेच असतील तर छत्रपती संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूमसारख्या संस्थेत मशीनवर हात ठेवायला मिळेल अशा अभ्यासक्रमावर कर. गल्लीतल्या क्लासमधले कॅडचे प्रमाणपत्र आता सगळ्यांकडेच असते, त्यामुळे त्याने फरक पडत नाही.

शिकाऊ उमेदवारीचा पर्याय तू कमीपणाचा समजतोस, असे तुझ्या पत्रावरून वाटले. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली केंद्राच्या नॅट्स या शिकाऊ उमेदवारीच्या योजनेतून पदवीधराला एक वर्षाचे प्रशिक्षण मिळते. २०१९ च्या नियमदुरुस्तीत पदवीधराचे किमान विद्यावेतन दरमहा ९,००० रुपये ठरले आणि किमान विद्यावेतनाचा निम्मा भार केंद्र उचलते. कित्येक कंपन्या किमानाहून अधिक देतात. मुदत संपल्यावर कायम करण्याचे बंधन कायद्याने कंपनीवर नाही, हे आधीच समजून घे, म्हणजे पुढे फसवल्यासारखे वाटणार नाही. कारखाना चांगला असेल आणि टूलरूम, क्वालिटी किंवा मेंटेनन्स असा नेमका विभाग मिळणार असेल तर ते वर्ष अवश्य घे. नुसते लाइनवर पीस मोजायला उभे करणार असतील तर घेऊ नकोस.

पगाराचे आकडे ऐकून हुरळून जाऊ नकोस आणि खचूही नकोस. तीन लाखांचे सीटीसी, म्हणजे कंपनीचा तुझ्यावरचा वर्षाचा एकूण खर्च, महिन्याला पंचवीस हजार होतो. त्यात मूळ वेतन साडेबारा हजार धरले, तर कंपनीचा भविष्यनिर्वाह निधीतला वाटा १,५०० आणि ग्रॅच्युइटीची तरतूद सुमारे ६०० हे त्यातच मोजलेले असते. उरलेल्या २२,९०० मधून तुझा स्वतःचा निधीचा वाटा १,५०० आणि व्यवसाय कर २०० वजा जाता हातात २१,२०० पडतात, आणि कॅन्टीन व बसची कपात त्यानंतर. व्हेरिएबल पे, म्हणजे कामगिरीवर अवलंबून असलेला हिस्सा, असेल तर दरमहाची रक्कम आणखी खाली येते. हा हिशेब एचआरसमोर बसून, न संकोचता विचारून घे. नियुक्तिपत्र कोणाच्या नावाचे आहे, कंपनीच्या की मनुष्यबळ पुरवणाऱ्या ठेकेदाराच्या, तेही बघ. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या श्रमसंहितांनी नियुक्तिपत्र देणे बंधनकारक केले आहे. "पत्र नंतर देऊ" असे सांगणाऱ्या मालकाकडे रुजू होण्याची घाई करू नकोस. लहान कारखान्यांत हा दोष सर्रास आढळतो, तसेच बारा-बारा तास थांबवून घेण्याचाही. त्यामुळे होकार देण्यापूर्वी तिथल्या दोन कामगारांशी चहाच्या टपरीवर बोलून घ्यावे.

बाँडविषयी तुझ्या मित्राने "कोर्टात टिकत नाही" असे सांगितले म्हणून निर्धास्त राहू नकोस. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेच्या प्रकरणात, तीन वर्षांआधी नोकरी सोडल्यास दोन लाख रुपये भरण्याची अट वैध ठरवली आहे. प्रत्येक बाँड तेवढ्याने योग्य ठरत नाही. तरीही सही करण्याआधी रक्कम आणि मुदत वाचावी, आणि कंपनी खरेच काही शिकवणार आहे का ते पाहावे. मूळ गुणपत्रिका आणि पदवी प्रमाणपत्र मात्र पडताळणीनंतर परत घेतल्याशिवाय उठू नकोस. नोकरीसाठी डिपॉझिट मागणाऱ्याशी तर बोलणेच थांबव, मग तो कितीही मोठ्या कंपनीचे नाव सांगो.

आता आयटी. तुला कोडिंगची गोडी असेल, रात्री जागून काही लिहिलेले असेल, तर अवश्य जा. पण कंटाळून, "शंभर टक्के प्लेसमेंट"ची जाहिरात पाहून सहा महिन्यांचा कोर्स लावलास, तर इकडच्या रांगेतून उठून त्याहून लांब रांगेत बसशील आणि मधले सहा महिने जातील ते वेगळेच. पीएलसी (मशीन चालवणारे नियंत्रक), रोबोट प्रोग्रॅमिंग किंवा सीएई (संगणकावर डिझाइनची चाचणी) यांच्याकडे वळलास तर संगणकही मिळेल आणि पदवीही वाया जाणार नाही. गेट या अभियांत्रिकीच्या राष्ट्रीय परीक्षेचा विचार असेल तर तिचे गुण तीन वर्षे ग्राह्य असतात आणि काही सार्वजनिक कंपन्या त्यावर भरती करतात. मात्र नोकरी शोधणे थांबवून तयारी करायची का, हे घरच्या परिस्थितीवर ठरव. वडिलांच्या डोक्यावर शैक्षणिक कर्जाचा हप्ता असताना दोन वर्षे अभ्यासिकेत बसू नये, असे मला वाटते.

रुजू होताना भविष्यनिर्वाह निधीचा यूएएन मिळेल. हा क्रमांक पुढच्या प्रत्येक नोकरीत तोच राहतो. त्यावरचे नाव आणि जन्मतारीख आधार कार्डाशी अक्षरशः जुळते का ते पहिल्याच महिन्यात तपास. वडिलांचे नाव आणि आडनाव यांची उलटापालट आपल्याकडे फार होते आणि नोकरी बदलताना पैसे अडकतात. भोसरी-तळवडे भागातल्या चार-पाच कारखान्यांची माहिती मी स्वतंत्र कागदावर लिहून पाठवतो आहे. त्यांतल्या दोघांकडे क्वालिटीत जागा असल्याचे कानावर आले आहे, पण माझे नाव सांगण्याआधी शाफ्टचा तो प्रश्न एकदा वहीत सोडवून बघ.

कळावे.

तुझा हितचिंतक