बातम्या तासन्‌तास चालतात, सिनेमा लावला की रिसीव्हर बंद : बोर्ड बदलायला देण्याआधी हे वाचा

होम थिएटरच्या रिसीव्हरबद्दल (टीव्हीचा आवाज मोठा करून स्पीकरना देणारा डबा) तुम्ही विचारलेल्या प्रश्नातल्या एका वाक्यापाशी मी थांबलो. "बातम्या, मालिका तासन्‌तास चालतात, पण सिनेमा लावला की दहा-पंधरा मिनिटांत टक्क आवाज होऊन रिसीव्हर बंद पडतो, लाल दिवा लुकलुकतो." त्याखाली सर्व्हिस सेंटरने "बोर्ड गेलाय" म्हणजे आतला सर्किट बोर्ड खराब झालाय म्हणून सांगितलेला अठरा हजारांचा खर्च. २०१९ च्या जूनमध्ये मीही जवळजवळ हेच वाक्य मित्रांच्या ग्रुपवर टाकलं होतं. तेव्हा कोणी नीट उत्तर दिलं नाही, म्हणून आज सविस्तर लिहितोय. अठरा हजार इतक्यात भरू नका.

मी इलेक्ट्रॉनिक्सचा इंजिनिअर नाही, बँकेत नोकरी करतो. खाली लिहिलंय ते माझ्या घरात घडलेलं आणि नंतर चार-पाच ओळखीच्यांच्या घरी तपासून पाहिलेलं. तुमच्या रिसीव्हरचा बोर्ड खरोखरच गेलेला असू शकतो. पण ते ठरवायला अर्धा तास आणि तीन-चारशे रुपयांचा मल्टिमीटर (वायरीतला दोष मोजून दाखवणारं छोटं मीटर) पुरतो, आणि तो अर्धा तास तुमच्या घरातच घालवावा लागतो. सर्व्हिस सेंटरच्या टेबलावर त्याचा उपयोग नाही.

आधी माझं काय झालं ते सांगतो. २०१८ च्या दिवाळीत रिसीव्हर आणि ५.१ स्पीकर (पाच स्पीकर आणि बासचा एक सबवूफर) घेतले. घोडबंदर रोडच्या फ्लॅटचं इंटिरिअर तेव्हाच चालू होतं, म्हणून मागच्या दोन स्पीकरच्या वायरी भिंतीतून पाइपात टाकून सोफ्यामागे पट्टी बसवून घेतली. पट्टीवर लाल आणि काळी, फिरवून घट्ट करायची टर्मिनल. तिथपासून स्टँडवरच्या स्पीकरपर्यंतचा हातभर तुकडा मी स्वतः जोडला. माझी सगळ्यात महाग पडलेली चूक ती. वायर अर्धा इंच सोलायची, मी सव्वा इंच सोलली. उघडं तांबं टर्मिनलच्या बाहेर लोंबत राहिलं. मला वाटलं, जास्त तांबं म्हणजे पकड चांगली.

सात महिने काहीही झालं नाही. मग जूनमध्ये आम्ही रिक्लायनरचा सोफा घेतला.

त्यानंतर तुमच्यासारखंच सुरू झालं. बातम्या बिनघोर, क्रिकेट बिनघोर, सिनेमात हाणामारी किंवा पाऊस आला की टक्क. रिसीव्हर उचलून सर्व्हिस सेंटरला नेला. कुठलं ते लिहीत नाही, नाव घेऊन काही साधणार नाही. काउंटरवरच्या माणसाने नाव, बिल नंबर, मॉडेल लिहून घेतलं, "प्रोटेक्शनला जातो" म्हणजे स्वतःला वाचवायला बंद पडतो, एवढी तक्रार टाइप केली आणि पावती दिली. घरी काय जोडलंय, किती ओहमचे (स्पीकर करंटला किती अडवतो त्याचं माप) स्पीकर, वायर कुठून गेली आहे, कधी बंद पडतो, कधी पडत नाही, यातलं एकही विचारलं नाही. पाच आठवडे तो तिथे पडून होता. वर्ल्ड कपची मँचेस्टरची सेमीफायनल, ९ जुलैला पावसाने अडकली आणि १० ला संपली, ती आम्ही टीव्हीच्या पिचक्या आवाजात पाहिली. मधल्या काळात चार वेळा फोन केला, चारही वेळा "पार्ट मुंबईहून यायचाय". मी ठाण्याहून फोन करत होतो.

शेवटी निरोप आला की बोर्ड खराब, आणि "ग्राहकाच्या वापरातला दोष" म्हणून वॉरंटी लागू नाही. दहा हजार अधिक जीएसटी, ११,८०० रुपये. भरले. जुना बोर्ड मागितला तर "तो कंपनीला परत जातो". पैसे मी भरले, वॉरंटी नाकारली, तरी जुना भाग माझा नाही! याचा राग मला आजही येतो, खोटं कशाला बोलू.

घरी आणून जोडला आणि तीन दिवस झकास चालला. मी सगळ्यांना सांगत सुटलो की बोर्डच होता. चौथ्या दिवशी पुन्हा टक्क.

इथे नीट लक्ष द्या. जोडाजोडीसाठी मी सोफा दोन फूट पुढे ओढला होता. तीन दिवस तो तसाच होता. चौथ्या दिवशी बायकोने केर काढताना तो परत भिंतीला लावला. हा संबंध माझ्या लक्षात आला नाही. लक्षात आणून दिला स्टेशनजवळच्या गल्लीत जुने अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करणाऱ्या एका काकांनी. मी रिसीव्हर घेऊन गेलो तर त्यांनी तो पिशवीतून बाहेरही काढू दिला नाही. पहिला प्रश्न, "घरी मागचे स्पीकर कसे जोडलेत?" दुसरा, "बातम्यांना बंद पडतो का?" नाही म्हटल्यावर म्हणाले, "मग हे परत घरी न्या. मागच्या वायरी बघा."

त्यांचं म्हणणं असं. बातम्या किंवा साध्या स्टिरिओ कार्यक्रमात मागचे स्पीकर बहुतेक गप्प असतात. वायर एकमेकींना चिकटलेली असली तरी त्या चॅनेलमधून, म्हणजे रिसीव्हरच्या त्या स्पीकरच्या जोडणीतून, करंटच जात नाही, मग रिसीव्हरला कळणार कसं? सिनेमात हेलिकॉप्टर डोक्यावरून मागे गेलं, की त्या चॅनेलला एकदम करंट मागितला जातो, समोर स्पीकर नसून थेट शॉर्ट असतो, आणि रिसीव्हर स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतो. आवाज वाढवल्यावर लवकर बंद पडतो तोही याचमुळे. दर ३ डेसिबलला पॉवर दुप्पट लागते, १० डेसिबलला दहापट. तुम्ही रिसीव्हरचा आवाज -३५ वरून -२५ डेसिबलवर नेलात तर आकडा किरकोळ वाटतो, पण आतल्या ट्रान्झिस्टरसाठी तो किरकोळ नसतो.

म्हणजे तो बंद पडतो हे त्याचं काम चोख चालू असल्याचं लक्षण आहे. सर्व्हिस सेंटरमध्ये त्याला त्यांचे स्पीकर आणि त्यांची दीड फुटाची वायर लावतात. तिथे तो चालणारच. तरीही बोर्ड का बदलला, याचं उत्तर मला आजतागायत मिळालेलं नाही.

आता तुम्ही काय करायचं. रिमोटने बंद करून थांबू नका, भिंतीतला प्लग काढा. मग रिसीव्हरच्या पाठीमागून सगळ्या स्पीकरच्या वायरी सोडवा. सगळ्या. हाय व्होल्टेजचा त्यात काही भाग नाही, फक्त झाकण उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो, ते काम आपलं नाही. एकही स्पीकर न लावता रिसीव्हर चालू करा, तोच सिनेमा, नेहमीच्याच आवाजाच्या आकड्यावर, अर्धा तास. तरीही बंद पडला तर दोष आतला, आणि माझं पुढचं सगळं बाजूला ठेवून खुशाल दुरुस्तीला द्या. बंद पडला नाही, तर बोर्डाचा संशय जवळजवळ संपला.

मग पुन्हा प्लग काढून मल्टिमीटर २०० ओहमवर लावा आणि सुट्या केलेल्या वायरींच्या टोकांवर, एकेका स्पीकरचं मोजा. ८ ओहमचा स्पीकर मीटरवर साधारण साडेपाच ते सात दाखवतो, ६ ओहमचा साडेचार-पाचच्या आसपास. कमी दिसला म्हणून घाबरू नका, मीटर डीसी रेझिस्टन्स मोजतो, तो छापील आकड्यापेक्षा कमीच असतो. एकच्या खाली आलं तर शॉर्ट. काहीच आलं नाही तर वायर कुठेतरी तुटली आहे.

आणि नुसतं एकदा मोजून सोडू नका. आमच्या घरी मी मोजलं तेव्हा मागच्या उजव्याने ६.२ दाखवलं, अगदी ठणठणीत. मी मीटर गुंडाळून ठेवणार होतो, तेवढ्यात भाचा सोफ्यावर येऊन बसला आणि नेहमीप्रमाणे पाठ मागे टाकून लवंडला. आकडा माझ्या डोळ्यांसमोर ६.२ वरून ०.४ वर आला. त्याला म्हटलं, ऊठ. परत ६.२. बस. ०.४. असं आम्ही आठ-दहा वेळा केलं, मला विश्वासच बसेना. सोफा ओढून टॉर्च मारला तर रिक्लायनरची पाठ बरोब्बर त्या पट्टीवर टेकत होती. सोललेलं तांबं दाबून दाबून वाकलं होतं आणि लाल बाजूचा केसाएवढा एक तंतू काळ्या टर्मिनलच्या अंगावर लोळत होता. टॉर्चमध्ये चमकला म्हणून दिसला, नाहीतर दिसलाही नसता. त्याच्यापायी पाच आठवडे आणि ११,८०० रुपये.

दुरुस्ती दहा मिनिटांची. टोक कापलं, अर्धा इंच सोललं, तंतू पिळून एकजीव केले, बनाना प्लग (वायरीच्या टोकाला बसवायच्या धातूच्या पिना) लावले, सोफा चार इंच पुढे. त्यानंतर आजपर्यंत एकदाही बंद पडलेला नाही.

तुम्ही लिहिलंय की तुमच्याकडेही वायरिंग भिंतीतून आहे आणि मागचे स्पीकर भिंतीवर टांगलेत. त्यामुळे फक्त पट्टी बघून थांबू नका. स्पीकर टांगायला ज्याने भोक पाडलं त्याच्या ड्रिलने किंवा खिळ्याने पाइपातली वायर खाल्ली असेल, तर मीटर ते लगेच दाखवेल. स्पीकर दोन्हीकडून सुटा करून फक्त भिंतीतली वायर मोजा. दुसऱ्या टोकाला काही जोडलेलं नसताना आकडा आला, तर भिंतीतच गडबड आहे. मग भिंत फोडू नका, दोन महिने भिंतीच्या कडेने, बाहेरून दुसरी वायर टाकून वापरा आणि खात्री करून घ्या. दिसायला वाईट दिसते, पण खर्च काही नाही.

इलेक्ट्रिशियनने स्पीकरची वायर लाइटच्याच पाइपातून ओढली असेल तर तेही चुकीचं आहे. गुणगुण येते हा भाग वेगळा, २३० व्होल्टच्या शेजारी ती असूच नये. वायर घेताना कॉपर म्हणून कॉपर चढवलेलं अ‍ॅल्युमिनियम विकतात, टोक घासून पाहा, आत पांढरं दिसलं तर परत करा. दीड स्क्वेअर एमएम दिवाणखान्याला पुरते, दहा मीटरच्या वर जायचं असेल तर अडीच. महागड्या वायरींवर मात्र पैसे घालू नका. हे माझं ठाम मत आहे, पटलं नाही तर वाद घालायला मला वेळ आहे.

आणखी एक कारण तपासा, कारण दुकानदार हे सर्रास करतात. बाल्कनीत किंवा स्वयंपाकघरात जादा स्पीकर हवा म्हणून एकाच टर्मिनलवर दोन जोडून देतात. ६ ओहमचे दोन असे जोडले की रिसीव्हरला ते ३ ओहम दिसतात, आणि मग मोठ्या आवाजात तो बंद पडणारच. मेनूमध्ये ४ ओहमची सेटिंग असते ती लावून हा प्रश्न मिटवायला जाऊ नका. ती बहुधा पॉवर दाबून ठेवते, जोडणीतला दोष काढत नाही. तुमच्या मॉडेलच्या पुस्तिकेत वेगळं लिहिलं असेल तर अर्थातच पुस्तिकेचं ऐका.

गरम होऊन बंद पडणं ही वेगळी तऱ्हा. तेव्हा वरचा पत्रा हात ठेववत नाही इतका तापलेला असतो. टीव्ही युनिटच्या बंद कप्प्यात, डोक्यावर सेटटॉप बॉक्स ठेवून, वर क्रोशाचा रुमाल घालून ठेवलेले रिसीव्हर मी पाहिले आहेत. वर निदान चार बोटं मोकळी जागा ठेवा. आणि पावसाळ्यात मागची फट बघत जा, उबेला पाल आत शिरते. आमच्या शेजाऱ्यांचा रिसीव्हर खरोखर तिच्यामुळे गेला.

माइक लावून करायच्या ऑटो सेटअपबद्दल (रिसीव्हर स्वतः स्पीकरचे आवाज जुळवतो तो) तुम्ही विचारलं नाहीत, पण वायरी सुटल्या की तो पुन्हा करावा लागेल म्हणून थोडक्यात. पंखा, एसी बंद, माइक कानाच्या उंचीवर ट्रायपॉडवर, सोफ्याच्या पाठीवर ठेवायचा नाही. झाल्यावर स्पीकर "लार्ज" दाखवत असतील तर "स्मॉल" करा आणि क्रॉसओव्हर (ज्याच्या खालचा आवाज सबवूफरकडे जातो ती सीमा) ८० हर्ट्झ. खालचा बास सबवूफरकडे गेला की रिसीव्हरचं ओझंही हलकं होतं. संवाद पुसट वाटले तर मधला स्पीकर दोन-तीन डेसिबल वाढवा, पण त्याआधी त्याला कप्प्याच्या काठापर्यंत पुढे ओढा.

आता सर्व्हिस सेंटरचं. शॉर्ट सापडला नाही आणि रिसीव्हर द्यावाच लागला, तर जॉबशीटवर (दुरुस्तीला देताना भरतात त्या कागदावर) तक्रार तुमच्या शब्दांत लिहून घ्या. "स्पीकर न लावता अर्धा तास चालवला, तरी बंद पडतो" असं. बोर्ड गेलाय म्हणाले तर कुठला भाग आणि कशामुळे, हे लेखी मागा, आणि पैसे तुम्ही भरणार असाल तर जुना भाग परत हवा हे आधीच लिहून द्या. मी यातलं काहीच केलं नव्हतं, म्हणून नंतर भांडायला हातात कागद नव्हता. टाळाटाळ झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे, तिथे पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही आणि तक्रार दोन वर्षांच्या आत करायची असते. मी वकील नाही, जाण्याआधी एकदा चौकशी करून घ्या.

पण ते सगळं नंतर. आज रात्री प्लग काढून मागच्या दोन्ही वायरी मोजा, डावीचा आणि उजवीचा आकडा वेगवेगळा लिहा, आणि मोजताना कोणाला तरी सोफ्यावर नेहमीच्या जागी बसवा. आकडे इथे टाका, मी रात्री दहानंतर बघतो.