विषशास्त्रातल्या संशोधकाचं काम किती मोठं, हे शोधनिबंधांच्या संख्येवरून कळतं का?

फक्त संख्येवरून नाही. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर बघा. कोकणात लाल विंचू चावून धडधाकट माणसं, लहान मुलं फुफ्फुसात पाणी होऊन दगावायची. हा सरकारी डॉक्टर खाटेशेजारी बसून नाडी, रक्तदाब, घाम, थंड पडलेले हातपाय टिपत राहिला. ती निरीक्षणं 1982 मध्ये 'लॅन्सेट' या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात आली. हाताशी विद्यापीठ नाही, मोठी प्रयोगशाळा नाही!

पुढचा टप्पा प्राझोसिन. विंचवाच्या विषाने शरीरात अ‍ॅड्रेनालिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो, रक्तवाहिन्या आवळतात आणि हृदयावर ताण पडतो. रक्तदाबाची ही साधी गोळी नेमका तोच आवळ सोडवते. 1986 मध्ये हेही 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. आधी गंभीर रुग्णांपैकी तीसेक टक्के जात. नंतर हे प्रमाण 1 टक्क्याच्या आसपास आलं. माझ्या लेखी खरा प्रभाव हाच, आणि तो एच-इंडेक्समध्ये, म्हणजे निबंधांची संख्या आणि त्यांचे उल्लेख यांवरून काढलेल्या आकड्यात, दिसत नाही.

2011 मध्ये पत्नी डॉ. प्रमोदिनी यांच्यासोबत 'बीएमजे' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात 70 रुग्णांची चाचणी प्रसिद्ध झाली. त्यात नुसत्या प्राझोसिनपेक्षा प्रतिविषाची जोड दिलेले रुग्ण लवकर बरे झाले. स्वतःच्याच गाजलेल्या उपचाराच्या पुढे जाणारा हा निष्कर्ष त्यांनी छापला, याचं मला फार मोल वाटतं. 2022 मध्ये पद्मश्री मिळाली.

त्यामुळे कुणाचीही निबंधांची यादी बघताना आधी एवढं तपासा: त्या निबंधानंतर उपचार बदलला का?