पेन कुठे अडतं ते बघा

प्रश्न : माझे थोरले काका सत्तरीचे आहेत, एकटेच राहतात. वृद्धांसाठीच्या सरकारी मदतीच्या सगळ्या अटींत बसतात. मी अर्ज आणून दिला, दोनदा समजावूनही सांगितलं. ‘बघू’ म्हणतात आणि अर्ज कपाटात तसाच पडून राहतो. हाताशी पैसे आहेत असंही नाही. मग ते असं का करतात?

उत्तर : काकांचं ‘बघू’ म्हणजे नकारच आहे. त्याचं कारण ते सहसा तोंडाने सांगणार नाहीत. अर्जातच शोधावं लागेल.

बारा वर्षं मी लोकांना असे अर्ज भरून देते आहे. त्यातले एक आजोबा डोळ्यांसमोरून हलत नाहीत. पहिली दोन पानं त्यांनी स्वतःच्या वळणदार अक्षरात भरली होती. तिसऱ्या पानावर ‘मुलांची नावे व उत्पन्न’ हा रकाना आला आणि त्यांनी पेनाला टोपण लावलं. बऱ्याच वेळाने म्हणाले, “म्हणजे मुलाकडे चौकशीला जाणार? सुनेला कळणार?” योजनेची माहिती त्यांना माझ्याइतकीच होती. त्यांना मुलाची अब्रू झाकायची होती.

ही धास्ती जगभर आहे. जर्मनीत म्हातारी माणसं याच भीतीने मागे राहत. २००३ मध्ये तिथे वृद्धांसाठी वेगळी तरतूद झाली आणि मुलांचं उत्पन्न फारच मोठं असल्याशिवाय त्यांना तोशीस लागणार नाही, असं ठरलं. जपानमध्ये मात्र अशा अर्जानंतर नातेवाइकांकडे विचारणा होऊ शकते, म्हणून कित्येक जण अर्जच करत नाहीत. २०२० मध्ये तिथल्या सरकारला जाहीर सांगावं लागलं, की अर्ज करणं हा नागरिकांचा हक्क आहे.

समजावणं पुरत नाही, याचा पुरावाही आहे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यात अन्नधान्याच्या मदतीला पात्र असतील अशा साठीपुढच्या लोकांवर एक प्रयोग झाला. ज्यांना काहीच कळवलं नाही, त्यांच्यातले ६ टक्के नऊ महिन्यांत योजनेत आले. नुसतं पत्र गेलेल्यांतले ११ टक्के आले. पत्रासोबत फोनवर अर्ज भरायलाही कुणीतरी मदत केली, तिथे १८ टक्के आले. बाकीचे तरीही आले नाहीत, हे मला फार लागतं.

तेव्हा आता समजावणं थांबवा. निवांत वेळी अर्ज घेऊन काकांच्या शेजारी बसा, पेन त्यांच्याच हातात द्या आणि ते कुठे थांबतात ते बघा. तिथे काहीच बोलू नका. पूर्वी कधी अर्ज नामंजूर झाला होता का, हे मात्र हळूच विचारा. एकदा खिडकीवरून परत पाठवलेला माणूस पुन्हा त्या रांगेत सहजी उभा राहत नाही. अडलेल्या रकान्याचा नेमका नियम कार्यालयात जाऊन विचारून या. मी त्या आजोबांसाठी तेच केलं. मुलाला पत्र जाणार नव्हतं. तेवढं कळल्यावर त्यांनी उरलेलं पान माझ्यासमोर भरलं.

पुष्कळ योजनांत अर्जाआधीच्या महिन्यांचे पैसे मिळत नाहीत. याच आठवड्यात बसा.