पाणी पिवळं झालं की लोखंड झिजलं?

गेल्या महिन्यात आलेल्या निम्म्या पत्रांत तोच घोळ आहे. पाण्यात विरघळलेली वस्तू दिसत नाही म्हणून ती नाहीच, आणि दिसली की ती आधीपासून पाण्यातच होती, अशी आपली समजूत! म्हणून यावेळी एकदाच सगळ्यांना.

प्रश्न : मेणबत्ती जळते तो भौतिक बदल की रासायनिक? वर्गात एक सांगतात, गाईडमध्ये दुसरंच आहे. (इयत्ता नववी, दिग्रस)

मेण वितळतं तो भौतिक, मेणाची वाफ वातीशी जळते तो रासायनिक. दोन्ही लिही. तरी शंका उरली तर सरांना विचार, गाईडला नको.

प्रश्न : युरिया बकेटीत टाकला की पाणी थंडगार लागते. शेजारी म्हणतो माल बनावट आहे, दुकानदार म्हणतो हीच असलीची खूण. खरं कोणाचं? (दारव्हा तालुका)

दोघांचंही अर्धवट. युरिया विरघळताना पाण्यातलीच उष्णता ओढून घेतो, म्हणून हाताला गार लागतं. चांगला युरिया पूर्ण विरघळतो, तळाशी गाळ राहत नाही. पण पोटॅश विरघळतानाही पाणी गार होतं, तेव्हा नुसत्या गारव्यावर भरवसा नको. संशय असेल तर पोतं आणि पक्कं बिल जपून ठेवा आणि पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्यांना नमुना घ्यायला सांगा. पोतं रिकामं झाल्यावर नव्हे.

प्रश्न : गावात आरओवाला आला होता. आमच्या बोअरचं पाणी एका ग्लासात, त्याच्या मशीनचं दुसऱ्यात. दोन्हीत सळ्या बुडवून बटण दाबलं. दोन मिनिटांत आमचं पाणी तांबूस-पिवळं, वर घाण तरंगली. त्याचं नितळच. मीटरवर आमचं ६४० आलं. पोट्ट्यांचे दात पिवळे काहून झाले ते आता समजलं. आम्ही तर पाणी उकळून, गाळून पितो. मशीन घ्यावी काय? (पांढरकवडा तालुका)

ती घाण तुमच्या पाण्यातली नव्हती, त्याच्या सळीची होती.

नीट समजून घ्या. त्या सळ्यांत एक तरी लोखंडाची असते. बोअरच्या पाण्यात क्षार विरघळलेले असतात, त्यामुळे त्यातून वीज वाहते. वीज वाहिली की लोखंड झिजून पाण्यात उतरतं. आधी हिरवट, मग हवेतला ऑक्सिजन लागून तांबूस गाळ होतो. म्हणजे गंजच, फक्त घाईनं तयार केलेला. मशीनच्या पाण्यात क्षार फार कमी असतात, वीज जेमतेम वाहते, म्हणून ते नितळ राहतं. पुढच्या वेळी त्याला म्हणा, तुझ्या ग्लासात चिमूटभर मीठ टाक अन् मग बटण दाब. तेही पिवळं होईल. घरचं मीठ घाण आहे असं तर तो म्हणणार नाही! (हा प्रयोग घरी कोणीही करू नका, ती बोर्डातली वीज असते.) तीस वर्षं पोरांना हाच प्रयोग शिकवला, आणि आज त्याच्याच जोरावर माझ्याच गावात मशीनी खपताना पाहतो.

६४० हा आकडा विरघळलेल्या सगळ्या क्षारांचा अंदाज आहे, लिटरमागे मिलिग्रॅममध्ये. ५०० च्या आत असावं हे बरं, पण दुसरं पाणीच नसेल तर २००० पर्यंत चालतं असं भारतीय मानक सांगतं. त्या मीटरला कॅल्शियम आणि फ्लोराईड यांतला फरक कळत नाही. आणि दातांवर डाग पाडणारं म्हणून खरी शंका फ्लोराईडचीच आहे. ते लिटरमागे १ मिलिग्रॅमच्या आत हवं, नाइलाजानं १.५. याहून जास्त असलेलं पाणीही दिसायला नितळ आणि चवीला गोड असू शकतं.

उकळण्याबद्दल. उकळल्यानं जंतू मरतात. भांड्याच्या तळाला पांढरा थर बसतो तो बहुतांशी चुनखडीचा. फ्लोराईड मात्र वाफेबरोबर जात नाही. पाणी आटतं, ते मागे राहतं, म्हणजे उलट दाट होतं. गाळणीचं तर नावच नको, विरघळलेली वस्तू फडक्यात अडकत नाही. तुरटीनं गढूळपणा बसतो, पण तिच्या भरवशावर फ्लोराईड सोडू नका.

आता मशीन. आरओनं फ्लोराईड खरंच कमी होतं, हे खोटं सांगणार नाही. पण बरंच पाणी वाया जातं आणि मशीनमधला बारीक पडदा (विरघळलेले क्षार त्यातच अडतात) वेळेवर बदलला नाही तर उपयोग शून्य. आधी ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला गाठा, नमुना भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत पाठवा, अहवालात ‘फ्लोराईड’ ही ओळ शोधा. पोरांना दातांच्या डॉक्टरकडे न्या. खरेदी त्यानंतर.

प्रश्न : संत्र्याच्या खोडाला बोर्डो पेस्ट लावायची म्हणून लोखंडी ड्रमात मोरचूद भिजवला. ड्रम आतून तांब्यासारखा लाल झाला. चालेल काय? (वरूड तालुका)

नाही. तो लाल थर तांब्याचाच आहे. मोरचूद म्हणजे तांब्याचा क्षार. लोखंडानं त्यातलं तांबं बाहेर काढलं आणि स्वतः त्याची जागा घेतली. जे तांबं खोडाला लागायचं ते ड्रमला लागलं. प्लास्टिकच्या बकेटी घ्या. १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना, १० लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळं भिजवा, मग एकत्र करा. चुना फसफसून तापतो, तोंड लांब ठेवा. मिश्रणात लोखंडी खिळा बुडवून पाहा, लाल झाला तर चुना कमी पडला. उरलेलं विहिरीत किंवा नाल्यात ओतू नका. झाडाला डिंक्याच (खोडातून डिंक गळण्याचा रोग) आहे का, हे मात्र पत्रावरून सांगणार नाही. कृषी विज्ञान केंद्रात दाखवा.

प्रश्न : विहिरीत टाकायची टीसीएल पावडर उरली होती. संडास चकाचक होईल म्हणून ॲसिडमध्ये मिसळली. हिरवट वाफ आली, चार दिवस झाले, खोकला थांबत नाही. घरगुती उपाय सांगा. (दर्यापूर तालुका)

टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर, तिच्यावर ॲसिड पडलं की क्लोरीन वायू सुटतो. ती वाफ त्याचीच होती. घरगुती उपाय नाही. आरोग्य केंद्रात जा, कशात काय मिसळलं ते डॉक्टरांना सांगा, ॲसिडची बाटली सोबत न्या. चार दिवस खोकत काढले, वर पत्राच्या उत्तराची वाट पाहिलीत. पुढचा प्रश्न मला नाही, त्यांना विचारा, आणि आजच.